चोरीची नोट, पडलेला किल्ला आणि एका गुलामाची सुटका: कॉमन लॉ घडवणारे लॉर्ड मॅन्सफिल्ड कोण होते?

२२ जून १७७२. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये 'किंग्ज बेंच' नावाचं कोर्ट भरलं होतं. प्रश्न होता जेम्स सॉमरसेट नावाच्या एका आफ्रिकन माणसाचा. त्याला बेड्या घालून जमैकाला जाणाऱ्या जहाजावर चढवण्यात आलं होतं. तिथे नेऊन त्याला विकायचं, असा त्याच्या मालकाचा बेत होता.

मालकाला असं करता येतं का? देशात गुलाम ठेवायला परवानगी देणारा संसदेचा कायदा तेव्हा इंग्लंडमध्ये लागू नव्हता. बंदी घालणाराही केला नव्हता. मग न्यायाधीशाने निकाल द्यायचा तरी कशाच्या आधारावर?

हे न्यायाधीश होते लॉर्ड मॅन्सफिल्ड. वय ६७. त्यांनी त्या दिवशी दिलेलं उत्तर आजही कायद्याच्या वर्गात शिकवलं जातं. पण मॅन्सफिल्ड यांचं नाव तेवढ्यापुरतं नाही. आजार लपवला म्हणून विमा कंपनी क्लेम नाकारते. चुकून दुसऱ्याच्या खात्यात गेलेले पैसे आपण हक्काने परत मागतो. दुकानाच्या गल्ल्यात आलेली नोट मुळात चोरीची निघाली, तरी ती बिनधास्त घेणारा प्रामाणिक दुकानदार बुडत नाही. या नियमांचा माग काढत गेलं की आपण अडीचशे वर्षांपूर्वीच्या याच माणसापाशी पोहोचतो.

त्यांची गोष्ट समजली की कॉमन लॉ कसा चालतो हेही समजतं, आणि तो कुठे अडतो हेही.

आधी, कॉमन लॉ म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, न्यायाधीशांच्या निकालांमधून तयार झालेला कायदा म्हणजे कॉमन लॉ.

बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रत्येक भागाच्या आपापल्या रूढी होत्या. राजा दुसरा हेन्री याने आपले न्यायाधीश गावोगावी फिरतीवर पाठवायला सुरुवात केली. हळूहळू सगळ्या राज्याला लागू होणारे सारखे नियम तयार झाले. सगळ्यांना सामाईक म्हणून 'कॉमन'.

या पद्धतीचा पाया साधा आहे. आज समोर आलेल्या खटल्यासारखा खटला पूर्वी लढला गेला असेल, तर तेव्हा जो नियम लावला तोच आज लावायचा. यालाच पूर्वनिर्णय पाळणं म्हणतात. त्यामागे न्यायाचा एक साधा विचार आहे: सारख्या परिस्थितीतल्या दोन माणसांना दोन वेगळे न्याय मिळू नयेत.

पण निकालातलं प्रत्येक वाक्य पुढच्या कोर्टावर बंधनकारक नसतं. ज्या कारणावर निकाल उभा आहे, तेवढंच बंधनकारक. न्यायाधीशांनी ओघात केलेली टिप्पणी विचारात घेता येते, पण पाळलीच पाहिजे असं नाही. वरच्या कोर्टाचा निकाल खालच्या कोर्टावर बंधनकारक असतो. आणि वकिलाला कायम एक वाट मोकळी असते: जुना खटला आणि आजचा खटला यांत महत्त्वाचा फरक आहे, हे दाखवून देण्याची.

संसदेने कायदा केला, तर तो या सगळ्याच्या वर.

दुसरी पद्धत युरोपातल्या अनेक देशांत आहे. तिथे मूळ आधार म्हणजे एकसंध लिखित संहिता. आपल्याकडे त्याचं जवळचं उदाहरण गोव्यात सापडतं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातल्या काही तरतुदी तिथे आजही लागू आहेत. उरलेल्या भारतात इंग्रजांनी आणलेली कॉमन लॉची पद्धत रुजली.

तट्टावर बसून लंडनला निघालेला मुलगा

मॅन्सफिल्ड यांचं मूळ नाव विल्यम मरे. जन्म २ मार्च १७०५ चा, स्कॉटलंडमधल्या स्कोन इथला. घराणं सरदारांचं, पण राजकारणाच्या दृष्टीने चुकीच्या बाजूला होतं. इंग्लंडच्या गादीवरून दूर झालेल्या स्टुअर्ट राजघराण्याबद्दल मरे कुटुंबाला सहानुभूती होती. मोठा भाऊ जेम्स तर त्या राजघराण्याच्या परदेशातल्या दरबारात सेवेला होता.

१७१८ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, विल्यम तट्टावर बसून लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत शिकायला निघाला. त्यानंतर त्याची आईवडिलांशी पुन्हा भेट झाली नाही.

पुढे ऑक्सफर्ड, मग लिंकन्स इनमध्ये कायद्याचं शिक्षण. १७३० मध्ये वकिलीची सनद मिळाली. कवी अलेक्झांडर पोप त्यांचे जवळचे मित्र होते. मरे यांचा अभ्यास इंग्लिश निकालांपुरता नव्हता. रोमन कायदा आणि युरोपातल्या व्यापाराचे रिवाज हेही त्यांनी नीट वाचले होते. पुढे न्यायाधीश म्हणून याचा त्यांना मोठा उपयोग झाला, आणि याच कारणाने त्यांच्यावर टीकाही झाली.

१७४२ मध्ये ते सॉलिसिटर जनरल झाले. तीन वर्षांनी स्टुअर्ट समर्थकांनी बंड केलं. ते मोडल्यावर बंडखोर सरदारांविरुद्धचे खटले चालवण्याचं काम मरे यांच्याकडे आलं. ज्या पक्षात घरचे लोक होते, त्याच पक्षाविरुद्ध ते सरकारची बाजू मांडत होते. तरी संशय सुटला नाही. तरुणपणी स्टुअर्ट राजपुत्राच्या नावाने मद्याचा प्याला उचलल्याचा आरोप त्यांच्यावर १७५३ मध्ये झाला. चौकशी होऊन ते त्यातून सुटले.

कोलकात्याच्या व्यापाऱ्याचा खटला

मरे वकील असतानाच्या एका खटल्याचा थेट भारताशी संबंध आहे.

कोलकात्याचे व्यापारी ओमीचंद यांचा बार्कर नावाच्या इंग्रजाशी पैशांवरून वाद झाला. प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं. ओमीचंद यांचे साक्षीदार हिंदू होते. त्यांच्या साक्षी कोलकात्यातच नोंदवल्या गेल्या होत्या आणि त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे, ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती.

बार्कर यांच्या बाजूने आक्षेप आला: बायबलवर हात न ठेवता दिलेली साक्ष चालेल कशी? या आक्षेपाला जुना आधारही होता. सतराव्या शतकातले नामांकित न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी ख्रिस्ती नसलेला माणूस साक्षीदार होऊ शकत नाही, असं लिहून ठेवलं होतं.

मरे यांनी ओमीचंद यांची बाजू मांडली. शपथ कशासाठी असते, हा त्यांचा मुद्दा होता. साक्षीदाराच्या मनावर खरं बोलण्याचं बंधन यावं, यासाठी. मग ज्याची ज्यावर श्रद्धा आहे, त्याची शपथ घेतल्यावर तो हेतू साध्य होतोच. आणखी एक गोष्ट त्यांनी मांडली, जी पुढे त्यांच्या सगळ्या कामाचं सूत्र ठरली: संसदेच्या कायद्याला प्रत्येक प्रसंगाचा आधी अंदाज येऊ शकत नाही, पण कॉमन लॉ प्रत्येक नव्या खटल्यासोबत स्वतःला सुधारत जातो.

लॉर्ड चॅन्सलर हार्डविक आणि त्यांच्यासोबत बसलेल्या न्यायाधीशांनी १७४४ मध्ये साक्ष मान्य केली. नियम एकच राहिला, की साक्ष शपथेवरच द्यायची. बदलली ती फक्त त्याची समज. कॉमन लॉ वाढतो तो असा.

नोट चोरीची, पण दुकानदार प्रामाणिक

नोव्हेंबर १७५६ मध्ये मरे किंग्ज बेंचचे मुख्य न्यायाधीश झाले आणि त्यांना 'लॉर्ड मॅन्सफिल्ड' ही पदवी मिळाली. पुढची तब्बल ३२ वर्षं ते या पदावर होते.

तेव्हाचं लंडन झपाट्याने व्यापाराचं केंद्र बनत होतं. जहाजं, विमा, हुंड्या, बँकेच्या नोटा यांचे रोज वाद होत होते. पण इंग्लिश कायदा मुख्यतः जमीनजुमल्याच्या भांडणांतून वाढलेला होता. व्यापाऱ्यांच्या प्रश्नांना त्याच्याकडे तयार उत्तरं नव्हती.

मॅन्सफिल्ड यांनी यावर उपाय काढला. अशा खटल्यांत ज्युरीवर म्हणजे पंच म्हणून अनुभवी व्यापाऱ्यांनाच बसवायचं, बाजारात प्रत्यक्ष रिवाज काय आहे हे त्यांच्याकडून समजून घ्यायचं आणि मग त्यातून स्पष्ट नियम मांडायचा. व्यापाऱ्याला सौदा करण्याआधीच कायदा काय म्हणतो ते कळलं पाहिजे, यावर त्यांचा भर होता.

१७५८ चा 'मिलर विरुद्ध रेस' हा खटला बघा. विल्यम फिनी नावाच्या माणसाने बँक ऑफ इंग्लंडची २१ पौंड १० शिलिंगांची नोट टपालाने पाठवली. डिसेंबर १७५६ मध्ये वाटेत टपालावर दरोडा पडला. ती नोट फिरत फिरत मिलर या खानावळवाल्याकडे आली. त्याने ती धंद्याच्या व्यवहारात, पूर्ण मोल देऊन घेतली. ती चोरीची आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो बँकेत गेला, तेव्हा रेस नावाच्या कारकुनाने नोट ठेवून घेतली आणि पैसेही दिले नाहीत.

जुना नियम सांगत होता, की चोराकडून घेतलेल्या वस्तूवर खरेदीदाराचा हक्क होत नाही. चोरीचा घोडा विकत घेतला, तर तो मूळ मालकाला परत द्यावा लागणार. मग नोटेचं काय?

मॅन्सफिल्ड यांनी फरक दाखवला. नोट ही घोड्यासारखी वस्तू नाही. बाजारात लोक तिला पैसा म्हणूनच वापरतात. प्रत्येक नोटेचा इतिहास तपासत बसायचं म्हटलं, तर कुणी नोट घेणारच नाही. म्हणून प्रामाणिकपणे, मोबदला देऊन नोट घेणाऱ्याचा हक्क कायम. मिलर जिंकला.

जुना नियम मोडला नाही, तो इथे लागू होत नाही एवढंच सांगितलं. हुंडी, चेक वगैरे कागद प्रामाणिकपणे, मोल देऊन घेणाऱ्याला संरक्षण देण्याचं तत्त्व पुढे भारताच्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्येही आलं.

विम्याचा फॉर्म भरताना मॅन्सफिल्ड आठवा

१७६६ चा 'कार्टर विरुद्ध बोएम' हा खटला सुमात्रा बेटावरच्या फोर्ट मार्लबरो या ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्याचा. तिथले गव्हर्नर कार्टर यांच्यासाठी विमा उतरवला गेला: वर्षभरात युरोपातल्या शत्रूने किल्ला घेतला, तर भरपाई मिळावी. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणाऱ्या बोएम यांनी हात वर केले. किल्ला किती कमकुवत होता हे आम्हाला सांगितलंच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मॅन्सफिल्ड यांनी नियम मांडला. विमा देणारा समोरच्याने दिलेल्या माहितीवर विसंबून असतो. त्यामुळे फक्त आपल्यालाच ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट लपवणं ही फसवणूक आहे. पण हे बंधन दोन्ही बाजूंना आहे. जे सगळ्यांना ठाऊक आहे किंवा विमा देणाऱ्याला सहज कळू शकलं असतं, ते सांगितलं नाही म्हणून नंतर अंग काढून घेता येणार नाही. निकाल गव्हर्नर कार्टर यांच्या बाजूने लागला.

भारतातल्या विमा कायद्यातही हे पूर्ण सचोटीचं तत्त्व मानलं जातं. आपल्याकडे या नियमाची पहिली अर्धी बाजू सगळ्यांना पाठ असते. दुसरी अर्धी बाजू विमाधारकांनीही लक्षात ठेवायला हवी.

१७६० चा 'मोझेस विरुद्ध मॅकफर्लन' हा खटला जेमतेम सहा पौंडांचा. मोझेस यांनी प्रत्येकी ३० शिलिंगांच्या चार वचनचिठ्ठ्या सही करून मॅकफर्लन यांना दिल्या. या सहीवरून तुमच्यावर दावा करणार नाही, असा लेखी करार मॅकफर्लन यांनी केला होता. नंतर त्यांनी एका छोट्या कोर्टात दावा केलाच. त्या कोर्टाने करार बघायला नकार दिला आणि मोझेस यांना पैसे भरावे लागले. मॅन्सफिल्ड यांनी ते परत द्यायला लावले. जे पैसे ठेवून घेणं न्यायाला धरून नाही ते परत केलेच पाहिजेत, असा या निकालाचा गाभा.

भारतीय करार कायदा, १८७२ मधली कलम ७० आणि ७२ याच विचाराच्या घराण्यातली आहेत. चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो, तो कलम ७२ मुळे.

न्यायाधीशाचं चुकलं तर?

हा प्रश्न स्वाभाविक आहे. एकटा न्यायाधीश नियम घडवत सुटला, तर त्याला आवरणार कोण?

उत्तर मॅन्सफिल्ड यांच्याच कारकिर्दीत सापडतं. १७६९ मध्ये त्यांच्या कोर्टाने बहुमताने ठरवलं, की पुस्तकावर लेखकाचा आणि त्याच्याकडून हक्क घेणाऱ्याचा कॉमन लॉनुसार कायमचा हक्क असतो. पाचच वर्षांत, १७७४ मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्सने तो कायमचा हक्क नाकारला. हक्क संसदेच्या कायद्याने दिलेल्या मुदतीपुरताच राहिला.

व्यापारातलं लेखी वचन मोबदल्याशिवायही पाळावं लागेल, असं मॅन्सफिल्ड यांनी १७६५ मध्ये सुचवलं होतं. १७७८ मध्ये लॉर्ड्ससमोरच्या एका खटल्यात तेही नाकारलं गेलं. करारासाठी मोबदला हवाच, हा नियम आजही टिकून आहे.

राजद्रोही लिखाणाच्या खटल्यांत तर त्यांच्यावर कडक टीका झाली. मजकूर कुणी छापला एवढंच ज्युरीने ठरवायचं, तो गुन्हा आहे की नाही हे न्यायाधीश ठरवणार, अशी त्यांची भूमिका होती. छापखानेवाल्यांसाठी हे धोक्याचं होतं. अखेर १७९२ मध्ये संसदेने कायदा करून पूर्ण निर्णय ज्युरीच्या हाती दिला. मॅन्सफिल्ड तेव्हा हयात होते.

म्हणजे न्यायाधीशाच्या वर वरचं कोर्ट, आणि त्याच्याही वर संसद. कॉमन लॉ चालतो तो या साखळीमुळे.

सॉमरसेटचं काय झालं?

आता त्या जून महिन्याकडे परत येऊ.

सॉमरसेटला व्हर्जिनियात चार्ल्स स्टुअर्ट यांनी विकत घेतलं होतं. १७६९ मध्ये ते त्याला इंग्लंडला घेऊन आले. ऑक्टोबर १७७१ मध्ये सॉमरसेट निघून गेला. नोव्हेंबरमध्ये त्याला पकडून जहाजावर डांबण्यात आलं. पण त्याचा बाप्तिस्मा झाला होता आणि त्या वेळचे त्याचे धर्ममातापिता कोर्टात धावले. त्यांनी हेबियस कॉर्पसचा आदेश मिळवला. म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा आणि कोणत्या कायद्याने कोंडलं ते सांगा, असा आदेश. गुलामगिरीविरुद्ध लढणारे ग्रॅनव्हिल शार्प मदतीला उभे राहिले. मालकाच्या मागे वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांची ताकद होती.

मॅन्सफिल्ड यांना हा निकाल द्यावा लागू नये असंच वाटत होतं. तुम्ही आपसात मिटवा, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सुचवून पाहिलं. इंग्लंडमध्ये असे १४-१५ हजार लोक असल्याचं सांगितलं जात होतं. मळेवाल्यांच्या दृष्टीने तो लाखो पौंडांचा प्रश्न होता.

जुने दाखले दोन्ही बाजूंना होते. इंग्लंडच्या भूमीवर पाय ठेवताच गुलाम मुक्त होतो, असं एका जुन्या मुख्य न्यायाधीशांनी म्हटलं होतं. उलट १७२९ मध्ये यॉर्क आणि टॅलबट या सरकारी वकिलांनी इंग्लंडमध्ये आल्याने गुलाम मुक्त होत नाही, असं मत दिलं होतं. यातले यॉर्क म्हणजेच पुढे ओमीचंद खटल्यातले लॉर्ड हार्डविक. न्यायाधीश झाल्यावरही त्यांनी एका खटल्यात तेच सांगितलं होतं.

मॅन्सफिल्ड यांनी प्रश्न नेमका केला. मालकाला आपल्या माणसाला जबरदस्तीने देशाबाहेर नेऊन विकण्याचा अधिकार इंग्लंडचा कायदा देतो का? गुलामगिरी इतकी घृणास्पद गोष्ट आहे, की तिला तर्काचा किंवा रूढीचा आधार पुरणार नाही. त्यासाठी स्पष्ट कायदाच लागेल. तसा कायदा इंग्लंडमध्ये नाही. म्हणून सॉमरसेटला सोडा.

सॉमरसेट मोकळा झाला. लंडनच्या कृष्णवर्णीयांनी आनंद साजरा केला. इंग्लंडमध्ये गुलामगिरी संपली, असाच बहुतेकांनी अर्थ घेतला. पण निकालाचा बंधनकारक भाग त्याहून लहान होता. बळजबरीने देशाबाहेर नेता येणार नाही, एवढंच आपण ठरवलं होतं, असं मॅन्सफिल्ड यांनीच पुढे १७८५ मध्ये स्पष्ट केलं. ब्रिटिश वसाहतींमधले लाखो लोक गुलामच राहिले.

तेच न्यायाधीश, वेगळा प्रश्न

या मर्यादेचं सगळ्यात भयंकर रूप 'झाँग' जहाजाच्या खटल्यात दिसलं. नोव्हेंबर १७८१ च्या अखेरीस या जहाजावरच्या खलाशांनी १३० च्या आसपास गुलाम आफ्रिकनांना जिवंत समुद्रात फेकलं. पिण्याचं पाणी संपत आलं होतं, असं कारण दिलं गेलं. जहाजाच्या लिव्हरपूलच्या मालकांनी मग विम्याचा दावा लावला: माणशी ३० पौंड.

ज्युरीने मालकांच्या बाजूने कौल दिला. १७८३ मध्ये प्रकरण मॅन्सफिल्ड यांच्यापुढे फेरसुनावणीसाठी आलं. शेवटच्या लोकांना फेकण्याआधी पाऊस पडला होता, ही माहिती तेव्हा समोर आली. त्यांनी नवा खटला चालवण्याचा आदेश दिला. तो चालल्याची नोंद सापडत नाही.

पण या सगळ्यात कोर्टापुढचा प्रश्न एकच होता: विमा कंपनीने पैसे द्यायचे का? विम्याच्या कायद्याच्या नजरेत ती माणसं म्हणजे माल होती, आणि मॅन्सफिल्ड यांनीही ते गृहीत धरूनच विचार केला. मुक्त केलेला गुलाम ओलाउदा इक्विआनो याने ही बातमी शार्प यांच्यापर्यंत पोहोचवली. शार्प यांनी खुनाचा खटला व्हावा म्हणून धडपड केली. एकाही माणसावर तो झाला नाही.

कॉमन लॉची ही मोठी अडचण आहे. कोर्ट समोर आणलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं. सॉमरसेटच्या खटल्यात प्रश्न स्वातंत्र्याचा होता, तेव्हा कायदा माणसाच्या बाजूने उभा राहिला. झाँगमध्ये प्रश्न भरपाईचा होता, तेव्हा त्याच कायद्याला माणसं दिसलीच नाहीत.

घरातली डायडो

मॅन्सफिल्ड यांना मूलबाळ नव्हतं. लंडनजवळच्या केनवुड इथल्या त्यांच्या घरात पुतण्याच्या मुलीसोबत आणखी एक मुलगी वाढत होती. डायडो एलिझाबेथ बेल, जन्म १७६१ चा. त्यांचे भाचे नौदल अधिकारी जॉन लिंडसे आणि मारिया बेल या गुलाम आफ्रिकन स्त्रीची ती मुलगी.

अमेरिकेतून आलेले माजी गव्हर्नर थॉमस हचिन्सन १७७९ मध्ये तिथे जेवायला गेले होते. डायडो जेवणाच्या टेबलावर नव्हती, जेवण झाल्यावर बायकांसोबत कॉफीला आली, अशी नोंद त्यांनी केली आहे. ती घरातली होती, तरी पूर्ण घरातली नव्हती. मॅन्सफिल्ड यांनी मृत्युपत्रात तिच्यासाठी पैशांची सोय केली आणि ती स्वतंत्र असल्याचंही लिहून ठेवलं. सॉमरसेटचा निकाल देणाऱ्या माणसालाही आपल्या घरातल्या मुलीचं स्वातंत्र्य कागदावर पक्कं करावंसं वाटलं, यातच त्या काळाचं वास्तव आलं.

घर जळालं, खटला चालला

जून १७८० मध्ये कॅथलिकांना सवलती देण्याविरुद्ध लंडनमध्ये दंगल उसळली. कॅथलिक धर्मगुरूंवरच्या खटल्यांत पक्का पुरावा मागणारे मॅन्सफिल्ड जमावाच्या डोळ्यांत सलत होते. जमावाने ब्लूम्सबरी स्क्वेअरमधलं त्यांचं घर पेटवलं. ते पत्नीसह मागच्या दाराने निसटले. आयुष्यभर जमवलेली पुस्तकं आणि कागदपत्रं राख झाली.

या चळवळीचे नेते लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांच्यावर १७८१ मध्ये देशद्रोहाचा खटला चालला. न्यायासनावर मॅन्सफिल्डच होते. स्वतःशी संबंध असलेल्या प्रकरणात कुणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व तेव्हाही जुनंच होतं. आजच्या निकषांनी त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं. पण निकाल ज्युरीच्या हातात होता, आणि ज्युरीने गॉर्डन यांना निर्दोष सोडलं.

१७८८ मध्ये मॅन्सफिल्ड निवृत्त झाले. २० मार्च १७९३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांना पुरलं आहे. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये थांबवला आणि वसाहतींमधली गुलामगिरी संपवण्याचा कायदा १८३३ मध्ये केला. त्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. भारतासाठी १८४३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. जे काम कोर्टाने एका माणसापुरतं केलं, ते सगळ्यांसाठी करायला संसदच लागली.

आपल्या कोर्टात आज काय होतं?

आपल्या राज्यघटनेचं कलम १४१ सांगतं, की सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक आहे. पूर्वनिर्णयाचं जुनं तत्त्व आपण थेट घटनेत लिहून ठेवलं. सॉमरसेटला सोडवणारा हेबियस कॉर्पस आज कलम ३२ खाली सुप्रीम कोर्टात आणि कलम २२६ खाली हायकोर्टात मागता येतो.

तोही आपोआप काम करत नाही. आणीबाणीत, १९७६ मध्ये, सुप्रीम कोर्टाच्या बहुमताने स्थानबद्धांना हा मार्ग बंद केला होता. तो निकाल चुकीचा होता, हे सुप्रीम कोर्टानेच २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात स्पष्ट केलं. मधे ४१ वर्षं गेली. कॉमन लॉ स्वतःला सुधारतो, हे मरे यांनी ओमीचंदच्या खटल्यात सांगितलं होतं ते खरं आहे. फक्त त्या सुधारणेची वाट बघताना ज्यांचं आयुष्य तुरुंगात जातं, त्यांना ती वेळ परत मिळत नाही.

म्हणून यापुढे ऐतिहासिक निकालाची बातमी वाचाल, तेव्हा चार गोष्टी बघा. कोर्टापुढे नेमका प्रश्न काय होता? निकाल कोणत्या कारणावर उभा आहे आणि ओघात काय म्हटलंय? हे कोर्ट कोणत्या पायरीवरचं आहे? आणि वरचं कोर्ट किंवा संसद तो बदलू शकते का? मथळ्यात दिसतो त्यापेक्षा निकाल कधी लहान निघेल, कधी मोठा. सॉमरसेटचा निकाल एकाच वेळी दोन्ही होता.